शिबंदीच्या हवाली केलेला मुलूख

गाव उद्ध्वस्त करणे हे दुरून वाटते तितके सोपे काम नव्हे. सुदानच्या पश्चिम सरहद्दीवरील दारफूर प्रांतात घर म्हणजे मातीच्या वा दगडाच्या गोल भिंती आणि त्यांवर गवताचे निमुळते छप्पर. ते पेटवून दिले तरी पावसाळा सरताच नवे गवत कापून, चार शेजारी हाताशी घेऊन घरधनी ते पुन्हा उभे करू शकतो, आणि दुष्काळ, वणवे व किरकोळ चकमकी यांतून तेथील शेतकरी शतकानुशतके असाच पुन्हा उभा राहत आला आहे. त्याने परत येऊच नये अशी ज्याची इच्छा असते, त्याला छपरापाशी थांबून चालत नाही. पेवांतली बाजरी उपसून जाळावी लागते, गाई, शेळ्या, गाढवे हाकून न्यावी लागतात, आंब्या-संत्र्यांच्या बागा बुंध्यापासून तोडाव्या लागतात, मेलेली जनावरे टाकून विहिरीचे पाणी नासवावे लागते, गावचे शेख, शिक्षक आणि इमाम निवडून मारावे लागतात, आणि स्त्रियांची विटंबना त्यांच्या आप्तांच्या देखत करावी लागते, म्हणजे त्या गावाचे नाव घेणेही वाचलेल्यांना नकोसे व्हावे. २००३ आणि २००४ या दोन वर्षांत दारफूरमधील शेकडो गावांत हे सारे घडले. संतापाच्या भरात माणूस घर पेटवील. विहीर नासवायला हिशेबी बुद्धी लागते.

ही हिशेबी बुद्धी कोणाची, आणि तिच्या हुकमाने घोड्यावर बसलेला माणूस कोण होता, हे समजून घेतल्यावाचून त्या मुलखातल्या आजच्या वार्तांचाही अर्थ लागत नाही. 'अरब विरुद्ध आफ्रिकी' असे सुटसुटीत नाव या संहाराला परदेशी वार्तांत मिळाले. ते अगदीच निराधार नाही, तथापि त्याने उमज पडण्याऐवजी फसगतच अधिक होते. दारफूर हा महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा, जवळजवळ फ्रान्सएवढा प्रदेश. उत्तरेस सहाराची वाळू, दक्षिणेस गवताळ सपाटी आणि मध्यभागी तीन हजार मीटर उंचीचा जबल मर्रा हा प्राचीन ज्वालामुखीचा डोंगर, ज्याच्या उतारांवर पाणी टिकते आणि ज्याच्या कुशीतून वाहणाऱ्या पावसाळी नद्यांच्या काठी उत्तम शेती होते. फूर, मसालीत हे मुख्यतः शेतकरी, झघावा हे उत्तरेकडील पशुपालक, आणि अरब म्हणवणाऱ्या जमातींपैकी उत्तरेकडील उंट पाळणाऱ्या, तर दक्षिणेकडील गाई पाळणाऱ्या. सर्वांचा धर्म इस्लाम, व्यवहाराची भाषा अरबी, वर्ण सारखाच काळा. सोयरिकीही पिढ्यान्पिढ्या होत आलेल्या. हल्लेखोर आणि बळी यांना शेजारी उभे केले तर परक्या माणसाला दोहोंत भेद करता येणार नाही.

सुदान हे नाव महाराष्ट्राला तसे परके नाही. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रणांगणावर इटालियन फौजांपासून सुदानचे रक्षण करताना हिंदी सैनिकांनी जे बलिदान केले, त्याच्या स्मरणार्थ तेथील तत्कालीन सरकारने १९४१ साली एक लाख पौंडांची देणगी दिली, आणि फाळणीनंतर तिच्यातील जो सत्तर हजारांचा वाटा भारताकडे आला तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीस लाभला. ती आजही 'सुदान ब्लॉक' याच नावाने ओळखली जाते. २०२३ च्या एप्रिलात खार्टुममध्ये युद्ध पेटले तेव्हा 'ऑपरेशन कावेरी'ने आपली हजारो माणसे मायदेशी आणली, हे योग्यच झाले. परंतु आपली माणसे सुखरूप परतली आणि त्याबरोबर त्या देशाकडे असलेले आपले लक्षही परतले, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

दारफूर हे मुळात स्वतंत्र राज्य होते. सतराव्या शतकापासून तेथे सुलतानांची गादी होती, आणि त्या सुलतानांचा जमिनीचा बंदोबस्त चांगला लेखी होता. दरबारी मानकरी, सरदार, धर्मपंडित यांना मोहोरबंद सनदा देऊन जमिनी इनाम दिल्या जात. अशा जमिनीस 'हकूरा' म्हणत, आणि त्यांतल्या कित्येक सनदा त्या त्या घराण्यांनी दोनदोनशे वर्षे जपून ठेवल्या होत्या. पुढे एकेका जमातीचा वहिवाटीचा मुलूख, तिचे 'दार', ही कल्पनाही याच बंदोबस्तातून दृढ होत गेली. १९१६ साली इंग्रजांनी शेवटचा सुलतान अली दिनार यास ठार करून राज्य खालसा केले, तरी ही घडी त्यांनी मोडली नाही. नाझिर, ओमदा, शेख अशी वतनदारांची उतरंड तशीच ठेवून तिच्याकरवी महसूल आणि न्यायनिवाडा चालवला. शाळा, रस्ते, रुग्णालये यांवर मात्र त्यांनी फारसा खर्च केला नाही, आणि १९५६ च्या स्वातंत्र्यानंतर नाईल नदीकाठच्या ज्या मूठभर घराण्यांच्या हाती राजसत्ता गेली त्यांनीही केला नाही.

या बंदोबस्तात एक मोठी उणीव होती. दक्षिणेतील गाईवाल्या अरबांना स्वतःचे 'दार' मिळाले होते. उत्तरेतील उंटवाल्या रिझैगात अरबांना ते मिळाले नाही. त्यांचा हक्क जमिनीवर नव्हता, वाटेवर होता. पावसाळ्यात उत्तरेला, सुगीनंतर दक्षिणेला असे त्यांचे कळप ठरलेल्या मार्गांनी जात, आणि आपल्याकडे धनगराची मेंढरे शेतात बसवून घेण्याचा जो रिवाज आहे त्याच न्यायाने कापणी झालेल्या रानातली धाटे उंटांना आणि उंटांचे खत रानाला, असा परस्परांच्या सोयीचा व्यवहार होता. तंटे होत, खूनही पडत. मग दोन्हीकडचे वडीलधारे एकत्र बसून 'दिया' म्हणजे रक्तपाताची भरपाई ठरवीत आणि मामला मिटे.

सत्तरीच्या दशकापासून पावसाने दगा द्यायला आरंभ केला, आणि १९८४-८५ च्या दुष्काळाने तर साऱ्या व्यवस्थेचा कणाच मोडला. वाळू दक्षिणेकडे सरकली, कळप सुगीपूर्वीच खाली येऊ लागले, शेतकऱ्यांनी भीतीने रानांना काटेरी कुंपणे घातली, गवत जाळून वाटा अडवल्या. अॅलेक्स द वाल हा तरुण इंग्रज अभ्यासक १९८५ मध्ये उत्तर दारफूरमध्ये शेख हिलाल अब्दल्ला या वृद्ध रिझैगात प्रमुखाला भेटला, तेव्हा जगाची ठरलेली रचना बिघडली, पूर्वी आदराने वाट देणारे शेतकरी आता अडवू लागले, अशी त्या म्हाताऱ्याची व्यथा होती. तंटा सोडवणारे कोणी उरले नव्हते, कारण १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी जुनी वतनदारी एका कायद्याने बरखास्त केली होती आणि तिच्या जागी जे मुलकी अधिकारी आले त्यांच्यापाशी ना पैसा होता ना कोणाचा विश्वास. त्यातच शेजारच्या चाडमधील युद्धामुळे लिबियाकडून आलेल्या बंदुका दारफूरच्या बाजारांत मुबलक झाल्या. १९८७ ते १९८९ या काळात फूर आणि अरब यांच्यात पहिले मोठे युद्ध झाले.

येथवरची हकीकत ही दारिद्र्याची, अवर्षणाची आणि शासकीय अनास्थेची आहे, आणि तशी ती आशिया-आफ्रिकेतील अनेक प्रांतांची सांगता येईल. संहार तिच्यातून आपोआप उपजला नाही. तो घडवून आणावा लागला.

२००३ च्या आरंभी फूर, झघावा आणि मसालीत तरुणांच्या दोन संघटनांनी खार्टुमच्या उपेक्षेविरुद्ध बंड पुकारले, आणि २५ एप्रिल रोजी अल-फाशेरच्या विमानतळावर छापा घालून तेथील विमाने जाळली व हवाईदलाच्या एका सेनापतीला कैद करून नेले. सरकारची अशी नाचक्की पूर्वी झाली नव्हती. राष्ट्राध्यक्ष उमर अल-बशीर यांची खडी फौज दक्षिण सुदानच्या युद्धात थकलेली होती, आणि तिच्या शिपायांत दारफूरचीच माणसे इतकी होती की त्यांना आपल्याच गावांवर धाडणे धोक्याचे ठरले असते. तेव्हा जी युक्ती खार्टुमच्या सरकारांनी १९८० च्या दशकापासून दक्षिणेत डिंका जमातीच्या गावांवर वापरली होती, तीच येथे काढण्यात आली: ज्यांच्यापाशी जमीन नाही त्यांच्या हाती बंदूक द्यावी, पगाराच्या जागी लुटीची मोकळीक द्यावी, आणि शेजाऱ्याची जमीन रिकामी झाली तर ती तुमचीच, असा भरवसा द्यावा. या शिबंदीलाच लोक 'जंजावीद' म्हणू लागले. तिचा सर्वांत नामांकित सरदार मूसा हिलाल हा त्याच वृद्ध शेख हिलालचा पुत्र होता.

सरकारने या टोळ्यांशी आपला संबंध सतत नाकारला, परंतु दप्तर बोलके असते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००४ च्या जुलैत जे सरकारी कागद उजेडात आणले, त्यांतील फेब्रुवारी महिन्याच्या एका हुकुमात उत्तर दारफूरमधील सर्व सुरक्षा पथकांना असे बजावले होते की मूसा हिलालच्या हाताखालील स्वयंसेवकांच्या कामात अडथळा आणू नये आणि त्यांच्या हातून रयतेसंबंधी घडणाऱ्या किरकोळ अपराधांकडे कानाडोळा करावा. एखाद्या प्रांताच्या लोकांना त्यांच्याच सरकारने परागंदा करण्याचे ठरवले की त्याची लेखी खूण अशी एखाद्या साध्या कार्यालयीन वाक्यात उरते.

हल्ल्याची रीत गावोगाव बहुधा एकच. पहाटे अंतोनोव बनावटीचे मालवाहू विमान घिरट्या घाली आणि त्याच्या मागच्या दारातून स्फोटके व लोखंडाचे तुकडे भरलेली पिंपे खाली ढकलली जात. नेम असा नसेच, भय उत्पन्न करणे हाच हेतू. कुठे हेलिकॉप्टर येई. मग घोड्यांवर आणि उंटांवर स्वार झालेल्या टोळ्या गावाला वेढा घालीत, आणि त्यांच्या पाठोपाठ लष्कराच्या मोटारी. तेव्हाच्या पश्चिम दारफूरमधील वादी सालिह हा सुपीक खोऱ्याचा भाग. तेथील कोदूम आणि बिंदिसी या गावांवर २००३ च्या ऑगस्टात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, रानात पीक उभे असताना हल्ला झाला. तेथून पळालेले लोक मुकजर आणि देलेज या मोठ्या गावांच्या आश्रयाला गेले, आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच दोन गावांत पळून आलेल्या पुरुषांना घराघरांतून वेचून काढून, मोटारींत भरून बाहेर नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. ज्यांना निसटता आले त्यांनी चाडची सरहद्द गाठली किंवा न्यालाजवळचे काल्मा, अल-फाशेरजवळचे अबू शूक आणि झमझम अशा छावण्यांत कापडाच्या नि काटक्यांच्या खोपी उभारल्या. छावणीतही धोका संपत नसे. सरपणासाठी बायकांनाच बाहेर पडावे लागे, कारण पुरुष गेला तर मारला जाई आणि बाई गेली तर तिच्यावर बलात्कार होई. आणि कुटुंबे या दोहोंतून दुसरे पत्करीत, कारण चूल तर पेटलीच पाहिजे. 'सीमेविना डॉक्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय संस्थेने २००५ च्या मार्चमध्ये, सुमारे साडेचार महिन्यांत आपल्या दवाखान्यांत उपचार घेतलेल्या जवळजवळ पाचशे बलात्कारित स्त्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा सुदान सरकारने अपराध्यांना शोधण्याऐवजी त्या संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांनाच अटक केली.

जगाला हे कळले ते बऱ्याच अंशी संयुक्त राष्ट्रसंघाचे सुदानमधील प्रमुख प्रतिनिधी मुकेश कपिला यांच्यामुळे. भारतात जन्मलेल्या या ब्रिटिश अधिकाऱ्याने वरिष्ठांना पत्रे लिहूनही काही हालचाल होत नाही असे पाहिल्यावर २००४ च्या मार्चमध्ये वृत्तसंस्थांशी उघड बोलून दहा वर्षांपूर्वीच्या रवांडातील वंशसंहाराची आठवण दिली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते पद सोडावे लागले. त्यानंतर चौकशी आयोग आला, २००५ मध्ये सुरक्षा परिषदेने प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले, २००९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्या नावे वॉरंट निघाले, शांतिसेनाही तैनात झाली. या युद्धात व त्यातून आलेल्या रोगराईत आणि उपासमारीत सुमारे तीन लाख माणसे दगावली आणि पंचवीस लाखांहून अधिक बेघर झाली, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे.

शिबंदीचे मात्र पुढे काय झाले, हाच भाग मला सर्वांत चिंतनीय वाटतो. गरज सरल्यावर बंदुका परत घेता येतील अशी खार्टुमची कल्पना असावी. तसे होत नसते. ज्याला लुटीवर जगण्याची सवय लावली, त्याला नंतर नियमित तनखा तरी द्यावा लागतो किंवा नवी लूट तरी दाखवावी लागते. टोळ्यांना सीमारक्षक दल असे नाव देऊन वेतनपटावर घेतले गेले. पुढे २०१३ मध्ये त्यांतूनच 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे दल उभे राहिले, आणि त्याचे आधिपत्य मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हिमेदती या पूर्वीच्या उंटव्यापाऱ्याकडे आले. जबल आमिर येथील सोन्याच्या खाणी त्याने ताब्यात घेतल्या, येमेनच्या युद्धात भाड्याने माणसे पुरवली, आणि २०१७ मध्ये मूसा हिलाललाच पकडून खार्टुमला धाडले. ज्या बशीर यांनी त्याला मोठे केले त्यांच्या पदच्युतीत २०१९ साली तोही सामील होता. १५ एप्रिल २०२३ रोजी त्याचे दल आणि सुदानची खडी फौज यांच्यात राजधानीतच युद्ध जुंपले, आणि वीस वर्षांपूर्वी दूरच्या खेड्यांवर सोडलेला वणवा ज्यांनी सोडला त्यांच्याच दारात आला.

या नव्या युद्धात उंटांची जागा तोफा बसवलेल्या उघड्या मोटारींनी घेतली आहे. बाकी रीत जुनीच. अल-जनैना या मसालीतांच्या शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात मिळून दहा ते पंधरा हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ मंडळाने नोंदवला. निळ्या नाईलच्या पाण्यावर १९२५ पासून पिकणारे गेझिरा हे सुदानचे धान्याचे कोठार. तेथील वाद अल-नूरा या गावी २०२४ च्या जूनमध्ये एका दिवसात शंभराहून अधिक गावकरी ठार झाले, आणि हे लोक ना फूर होते ना मसालीत. वंश हेच एकमेव कारण मानणाऱ्यांनी या गावाचा विचार करावा. झमझमच्या छावणीत २०२४ च्या ऑगस्टात दुष्काळ जाहीर झाला, २०२५ च्या एप्रिलात ती छावणीच हल्ल्यात मोडली, आणि दीड वर्षाच्या वेढ्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात अल-फाशेर पडले. सरकारी फौजही निर्दोष नाही. तिच्या विमानांनी दारफूरमधील भरलेल्या बाजारांवर बाँब टाकले आहेत. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली, आणि जेथे परदेशी मदत पोहोचत नाही तेथे मोहल्ल्यांतील तरुण-तरुणींनीच आपत्कालीन कक्ष स्थापून सामुदायिक चुली चालवल्या आहेत. बाहेरच्या राष्ट्रांची शस्त्रे अव्याहत येत असताना अन्न मात्र या मुलामुलींच्या वर्गणीतून यावे, ही कोणाही सुजाण माणसाला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

न्यायाच्या बाबतीत एकच ठोस गोष्ट घडली. गार्सिला येथे औषधांचे दुकान चालवणारा आणि पुढे वादी सालिहमधील जंजावीदांचा म्होरक्या झालेला अली कुशैब २०२० मध्ये शरण आला. २०२५ च्या ऑक्टोबरात, कोदूम आणि बिंदिसीच्या हल्ल्यांनंतर बावीस वर्षांनी, हेगच्या न्यायालयाने त्याला २७ आरोपांवर दोषी ठरवले आणि डिसेंबरात वीस वर्षांची शिक्षा सुनावली. बिंदिसी, मुकजर आणि देलेज येथील माणसांनी न्यायासनासमोर जाऊन आपली कैफियत सांगितली, ती मान्य झाली, हे त्यांच्या दृष्टीने लहान नव्हे. बशीर यांना मात्र अद्याप हेगच्या स्वाधीन करण्यात आलेले नाही.

आणि जमीन तशीच राहिली आहे. रिकाम्या झालेल्या गावांपैकी कित्येकांत नवे लोक येऊन वसले. काही ठिकाणी त्यांना तेथे जन्मलेली मुलेही झाली, आणि तीही गरिबांचीच मुले आहेत. मूळ मालकांच्या सनदा घरांबरोबर जळाल्या, हद्दी तोंडी सांगणारे शेख मारले गेले किंवा छावणीत म्हातारे झाले. २००६ चा अबुजाचा तह, २०११ चा दोहाचा, २०२० चा जुबाचा, या तिन्हींत जमिनीच्या तंट्यांसाठी आयोग नेमण्याची आणि विस्थापितांना त्यांचे हक्क परत देण्याची कलमे आहेत. एकाचीही धडपणे अंमलबजावणी झाली नाही, कारण जमीन ज्यांच्या ताब्यात गेली त्यांच्याच पाठीशी बंदूक होती आणि ती बंदूक उतरवण्याचे काम कोणत्याही तहाने निश्चितपणे कोणावर टाकले नव्हते. पुढचा तह केव्हा तरी होईलच. तेव्हा बिंदिसीच्या शेतकऱ्याला त्याचे रान परत मिळेल असे लिहिताना, ते शिबंदीकडून कोणी काढून घ्यावयाचे आणि किती दिवसांत, हेही त्याच कलमात नाव घालून लिहावे लागेल.